आंधळ्या कुत्र्याचं स्वयंपाकघर

आमच्याकडे कुत्रा तेरा वर्षं होता. त्यातली बारा वर्षं त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा त्याला दिसत नव्हतं.

बाबा वीज खात्यात होते. बऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ लाइन दुरुस्त करायला गेले असताना डीपीच्या मागे त्यांना ते पिल्लू सापडलं आणि शर्टात घालून ते घरी घेऊन आले. मी नुकतीच शाळेत गणित शिकवायला लागले होते. आईने दारातच सांगून टाकलं, "ठेवायचं तर ठेवा. पण माझ्या सैपाकघरात ते येणार नाही."

बाबांनी कबूल केलं. कुत्र्याने कसं कबूल केलं ते मला आजही कळलेलं नाही. राजपुऱ्यातलं आमचं घर साधं सिमेंटचं, पण स्वयंपाकघराला काळ्या दगडाचा चार बोटं उंच उंबरा होता. तो त्या उंबऱ्याला पुढचे पंजे लावून बसायचा, आत यायचा नाही. बाबा आत दाराशी पाट घेऊन जेवायला बसत आणि शेवटचा घास हात लांब करून त्याला देत. आई बघायची आणि पाठ फिरवायची. त्याला बाबांनी छान नाव ठेवलं होतं, पण आईने ते कधी घेतलं नाही. "तुमचं ते आलं बघा," एवढंच म्हणायची.

बाबा एका सकाळी तापीच्या राजघाटावर फिरून आले, ओसरीतल्या खुर्चीत बसले, चपला काढायला वाकले आणि गेले. त्याच वर्षी कुत्र्याच्या डोळ्यांवर निळसर पडदा यायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, "या वयात ऑपरेशन नको. घरातल्या वस्तू हलवू नका, तो घर पाठ करून टाकेल."

आणि खरंच त्याने केलं. ओसरी, पुढची खोली, मागचं अंगण, तुळशीचा कट्टा, सगळं. पण जेवणाच्या वेळी तो अंगणातल्या ताटलीकडे जाईना. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहायचा. आत कोण आहे ते हुंगून बघायचा. जो नव्हता त्याचा वास त्याला कुठून येणार? दिवसेंदिवस त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

मग एका रविवारी तो पडला. आई कणीक मळत होती, मी भाजी निवडत होते. कशामुळे कोण जाणे, त्याने पाऊल पुढे टाकलं. मागचे पाय आधीच थकलेले, पंजा उंबऱ्यात अडकला आणि तो हनुवटीवर आत आदळला. आमची फरशी गुळगुळीत चकचकीत. त्याला उठता येईना. चारही पाय चार दिशांना घसरत होते आणि हनुवटीतून रक्त येत होतं.

मी उठेपर्यंत आई खाली बसली होती. जवळ होतं ते फडकं तिने उचललं आणि त्याच्या हनुवटीला दाबून धरलं. ते पोळ्या झाकायचं फडकं होतं. दुसरा हात कणकेने भरलेला, तो तिने त्याच्या पोटाखाली घातला.

"ऊठ बाबा," ती म्हणाली. "ऊठ. लागलं का रे तुला?"

बारा वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. आणि त्या दिवसापासून 'ते' म्हणायचं गेलं. तो 'तो' झाला.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "हा उंबरा काढून टाकायचा. आणि ही फरशी पण. त्याला चालता आलं पाहिजे."

मला वाटलं, चार दिवसांनी विसरेल. पण ती रोज विचारू लागली. मग मी शाळेतला चौकटीचा कागद आणला आणि स्वयंपाकघराचं माप घेतलं. त्याचंही घेतलं, खांद्यापर्यंत उंची, नाकापासून शेपटीपर्यंत लांबी. तो मुकाट्याने उभा राहिला.

"पण त्याला कुठे कुठे लागतं हे आपल्याला कसं कळणार?" आईने विचारलं.

मी डोळ्यांना ओढणी बांधली आणि गुडघ्यांवर, हातांवर रांगत दारातून आत गेले. आई मागून सांगत होती, "सांभाळ, डावीकडे सिलिंडर हाय." पण त्याला असं कोण सांगणार होतं? म्हणून मी तिला गप्प राहायला सांगितलं. आधी कपाळ ओट्याच्या कोपऱ्यावर आपटलं. मग कपाटाचं उघडं राहिलेलं दार कानाला लागलं. मग हात कचऱ्याच्या डब्यात गेला. आई हसायला लागली. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला आणि पुढे तिचा आवाज आला नाही. ओढणी सोडून पाहिलं तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

बऱ्हाणपुरात आता किचनची मोठमोठी दुकानं झाली आहेत. एका दुकानातल्या मुलीने लॅपटॉपवर चमचमणारी चित्रं दाखवली. मी माझा कागद पुढे केला. तिने तो दोनदा उलटसुलट पाहिला. "मॅडम, ये बाउल का स्टँड किसके लिए है? बच्चा छोटा है क्या घर में?"

"कुत्रा हाय," आई म्हणाली. "म्हातारा हाय. मान खाली करायला त्याला त्रास होतो."

मुलगी हसली नाही. तिने ड्रॉवर, हायड्रॉलिक, अमुक तमुक सांगितलं, त्यात आमच्या कामाचं काही नव्हतं, आणि आम्ही उठलो. शेवटी बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आले. मी खरखरीत टाइल्स पसंत केल्या तेव्हा ते चाट पडले. "दीदी, ये तो पार्किंग की टाइल है. गाड़ी खड़ी करने की. किचन में कौन लगाता है?" मी कारण सांगितलं. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. तो त्यांच्या सिमेंटच्या घमेल्याला हुंगत उभा होता. मग ते खाली बसले, त्याचा पंजा हातात घेऊन तळवा अंगठ्याने चोळून पाहिला आणि म्हणाले, "ज़्यादा खुरदरी भी नहीं चलेगी. छिल जाएगा बेचारा." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मधल्या जातीची टाइल शोधून आणली.

उंबरा काढायच्या दिवशी मामा आले. ते आईचे धाकटे भाऊ, त्यांची तापीकाठी केळीची शेती आहे. दगडावर छिन्नी चाललेली पाहून ते दारातच थांबले.

"ताई, हे काय चाललंय? सैपाकघरात कुत्रं घेणार तू? दाजींचं वर्षश्राद्ध येईल, तेव्हा तिथला सैपाक चालेल का? लोक काय म्हणतील?"

आई म्हणाली, "लोकांना पुढच्या खोलीत वाढीन."

"तूच ना ती? पाण्याच्या माठाला कोणाचा हात लागला तर माठ बदलणारी?"

"मीच ती," आई म्हणाली. मामा चहा न घेता गेले.

त्या दिवशी दुपारी मिस्त्री जेवायला गेले आणि आम्ही दोघी सिमेंटच्या धुळीत बसलो होतो. आई म्हणाली, "एका थंडीत यांनी मला विचारलं होतं. फार गारठा होता तेव्हा. म्हणाले, रातभर कुडकुडतोय बाहेर, ओट्याखाली झोपू दे, तिथे ऊब असते. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही म्हटलं. मग त्यांनी आपली गोधडी नेऊन त्याला घातली आणि स्वतः चादरीवर झोपले. मला माहीत होतं. मी मुद्दाम काही बोलले नाही."

थोडा वेळ ती बोटाने धुळीत रेघा ओढत राहिली.

"चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काय मागितलं असेल गं? कधी भाजीत मीठ कमी म्हणाले नाहीत. एवढं एकच मागितलं."

बाबा असते तर म्हणाले असते, जाऊ दे गं. मला ते त्यांच्या वतीने म्हणता आलं नाही.

दिवाळीच्या आधी काम झालं. उंबऱ्याच्या जागी हलकासा उतार होता. ओट्याचे कोपरे मिस्त्रींनी घासून गोल केले होते. खालच्या कपाटांची दारं सरकती, म्हणजे उघडी राहून त्याला लागू नयेत. सिलिंडर बाहेर अंगणात गेला. ओट्याखाली, धान्याच्या कोठीशेजारी, तीन फुटांची जागा मोकळी ठेवली होती, तिथे त्याचं अंथरूण. पाण्याचं भांडं त्याच्या छातीच्या उंचीवर लाकडी घोडीत बसवलं आणि त्यापुढे काथ्याची चटई, म्हणजे पायाला काथ्या लागला की पाणी आलं हे त्याला कळावं. कांदा कुत्र्याला चालत नाही असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून आईने कांद्याची टोपली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. ती काढायला तिला रोज स्टूल घ्यावं लागे.

पहिल्या दिवशी तो दाराशी येऊन थांबला. पूर्वी उंबरा होता तिथे. पुढचा पंजा उचलून हवेतच धरला. बारा वर्षांची सवय. आई आत बसून त्याला हाका मारत होती, बाबांनी ठेवलेल्या नावाने. ते नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. तिने पोळीचा तुकडा तुपात बुडवून पुढे धरला. तो तरी येईना. शेवटी ती उठली, त्याच्या शेजारी उभी राहिली, गळ्यातल्या पट्ट्याला धरलं आणि दोघं मिळून आत आले.

आठवड्याभरात त्याने स्वयंपाकघरही पाठ केलं. एकच अडचण राहिली. आई त्याला सापडत नव्हती. ती ओट्याशी इकडून तिकडे जायची आणि तो मध्येच तिच्या पायाशी धडकायचा, दचकायचा. एकदा तिच्या हातातलं उकळतं वरण थोडक्यात वाचलं. मी म्हटलं, पायात काहीतरी वाजणारं घाल. ती विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तिच्या हातात बांगड्या होत्या. हिरव्या नव्हेत, साध्या तपकिरी काचेच्या, तीन तीन. बाबा गेल्यावर तिने हात मोकळे केले होते आणि मी किती सांगितलं तरी ऐकलं नव्हतं.

"त्याला पूर्वी बाहेरून सगळं कळायचं," ती म्हणाली. "मी लाटते का, मळते का. बांगड्यांवरूनच कळत असणार. नंतर माझे हात मुके झाले, त्याला काय कळेल?"

शेजारच्या काकूंनी एकदा बांगड्यांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईने त्यांना विचारलं, "चहा टाकू का?" विषय तिथेच संपला.

ती थंडी त्याने ओट्याखाली काढली. आई भाकरी थापायला लागली की बांगड्या वाजायच्या आणि त्याची शेपटी कोठीच्या पत्र्यावर आपटायची. आई त्याच्याशी दिवसभर बोलायची. नळाला पाणी आलं नाही, भेंडी जून निघाली, हिचा पगार झाला नाही. मी घरात आले की गप्प व्हायची. त्याचं वजन थोडं वाढलं. डॉक्टर म्हणाले, छान केलंत.

फेब्रुवारीत तो गेला. मी तेव्हा वर्गात होते. आईचा फोन आला, "ये घरी." मला कळलं.

मी पोहोचले तेव्हा मामा आधीच आले होते. आईने त्यांना फोन केला होता. ते चपला बाहेर काढून स्वयंपाकघरात खाली बसले होते. त्यांनी त्याला आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलं, दोन्ही हातांवर उचललं आणि गाडीत ठेवलं. त्यांच्या शेतात, केळीच्या शेवटच्या ओळीपलीकडे, आम्ही दोघांनी त्याला पुरलं; आई घरीच थांबली होती. खड्डा मामांनी स्वतः खणला. परत येताना म्हणाले, "ताईला म्हणावं, इथे कोणी नांगर घालणार नाही."

त्यानंतर महिनाभर आई स्वयंपाकघरात फारशी थांबायची नाही. गॅसवर काहीतरी ठेवायची आणि बाहेर येऊन बसायची. दोनदा दूध उतू गेलं.

मग एका दुपारी, परीक्षेचे पेपर तपासत मी तिच्याजवळ बसले असताना, तिने आपणहून सांगितलं.

"त्या दिवशी मी भाकऱ्या करत होते. त्याच्याशी बोलत होते. शेपटीचा आवाज येईना, मला वाटलं झोप लागली. मी बोलतच राहिले. तवा उतरवला, वाकून बघितलं, तर..."

"किती वेळ बोलत होतीस?"

"काय माहीत. दोन भाकऱ्या झाल्या असतील. कदाचित तीन."

"काय सांगत होतीस?"

तिने मान हलवली. सांगायचं नव्हतं तिला. मग ती रडायला लागली. बाबा गेले तेव्हा घरभर माणसं होती, बायका तिला धरून बसल्या होत्या आणि ती त्यांच्या गळ्यात पडून रडली होती. हे तसं नव्हतं. तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखी रडत होती, आणि मधूनमधून श्वास घ्यायला थांबत होती. मी पेपर बाजूला ठेवले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. गप्प कर म्हटलं नाही.

उन्हं कलल्यावर तिने तोंड धुतलं आणि विचारलं, "खिचडी टाकू का? भूक लागली असेल तुला." ती आत गेली. मीही मागोमाग गेले. खिचडी शिजेपर्यंत ती तिथेच खुर्ची ओढून बसली, बाहेर आली नाही.