कंधारचे पाहुणे

शेजारी पोह्याला फोडणी बसली की कंधारचे पाहुणे आठवतात अन् तोंड कडू होतं. आमच्या सुमीला बघायला आले होते. नांदेडच्या डॉक्टरानं आधीच सांगितलं होतं, हा ऑटिझम हाय, जन्मापासून हाय, जन्मभर राहणार. भावकीतले दीडशहाणे म्हणायचे, "लग्न झालं की होते नीट." मीही तसलाच गाढव. पाहुण्यांना म्हणलं, "पोरगी जरा लाजाळू हाय."

बायको आतून बाहेर आली. "लाजाळू न्हाई भाऊ. ती अशीच हाय, अशीच राहील. लपवून द्यायची न्हाई मला."

पाहुण्यांनी पोहे तेवढे संपवले अन् उठले. खरं बोलली म्हणून मी बायकोशी महिनाभर अबोला धरला. आता ती न्हाई. सुमी रडायला लागली की ती काय करायची, हे मी कधी विचारलंच न्हाई.