सिस्टर निजलीय, गुमान बसा!

दुपारची ओपीडी आटोपली की आमच्या आरोग्य केंद्रात चहा ठेवला जातो. चहा कपात पडेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "सिस्टर, तो किस्सा सांगा ना!" मी इथे बारा वर्षं नर्स आहे, त्यामुळे सगळे किस्से माझ्याकडेच जमा झालेत. ऐन कोरोनातले आम्ही फारसे काढत नाही. तो ओसरल्यावर, घडी परत बसताना जे जे झालं, ते मात्र पुन्हा पुन्हा निघतं.

*

आमच्या डॉक्टर मॅडम कोरोनातच रुजू झाल्या. आम्ही त्यांचे फक्त डोळे पाहिलेले! मास्क सुटल्यावर एका सोमवारी त्या उघड्या चेहऱ्यानं आल्या. दारात ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर काशिनाथभाऊ. म्हणाले, "ताई, केसपेपर काढा आणि बाकावर बसा. मॅडम यायच्यात अजून."

मॅडम सरळ जाऊन बाकावर बसल्या! वीस मिनिटांनी मी पोचले आणि ओरडलेच, "अहो मॅडम, तुम्ही इथे?" काशिनाथभाऊंनी कपाळाला हात लावला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाक उन्हात आहे हो. मला कुणी सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी बाक आंब्याखाली गेला.

*

मग तालुक्याला ट्रेनिंग निघालं. विषय, कर्मचाऱ्यांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी. बाहेरून आलेले सर म्हणाले, "रोज एक तास फक्त स्वतःसाठी काढा."

आमच्या मंजूताई जामसरकडच्या आशा सेविका. तीन पाडे पायी फिरतात, वर घरची भातशेती. त्यांनी हात वर केला. "सर, तो तास पहाटे चारच्या आधी काढायचा का?"

हॉलमध्ये हशा. सरही हसले, मग गंभीर झाले. "ताई, तुम्हीच सांगा. कधी जमेल?"

मंजूताईंनी खरंच विचार केला. म्हणाल्या, "हा आत्ताचाच द्या ना!"

सरांनी प्रोजेक्टर बंद केला. पुढचा तासभर कुणी काही शिकवलं नाही. निम्म्या बायका बाकांवर डोकं टेकून झोपल्या होत्या.

*

याच मंजूताईंचा वास गेला होता. कोरोना बरा झाला, वास काही परत येईना. मॅडमनी सांगितलं, रोज लवंग, लिंबू, कांदा हुंगत जा. त्या डब्या घेऊन फिरायच्या, हुंगायच्या आणि मान हलवायच्या. "काय नाय!"

सात-आठ महिने गेले. एकदा केंद्रात लसीकरणाची मिटिंग चालू असताना त्या ताडकन उठल्या. "दूध करपलं!"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. मग मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मी मंजूताईंना मिठी मारली, काशिनाथभाऊंनी तर शिट्टीच मारली! गॅस बंद करायला कुणीच गेलं नाही. त्या दिवशी करपलेल्या दुधाचा चहा सगळ्यांनी दोन-दोन कप प्यायला.

*

आता माझी फजिती. मलाही कोरोना होऊन गेला होता. दम लागायचा, पण सांगणार कुणाला? लोकांना "आराम करा" सांगत फिरणारी मीच! एकदा साखरशेत गावात लोकांचं बीपी तपासायला गेले. तिथल्या लखमीआजीच्या ओट्यावर बसले, मशीन काढलं. आजीनं माझा हात धरला. "माझं मागून बघ. आधी तू खा."

नाचणीची भाकर आणि माठाची भाजी खाल्ली आणि भिंतीला टेकले, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर आजीचं लुगडं. समोर अंगणात दहा-बारा माणसं बीपी तपासायला ओळीनं बसलेली, एकाच्याही तोंडून शब्द नाही. नवीन कुणी आलं की आजी ओठांवर बोट ठेवून सांगत होती, "सिस्टर निजलीय, गुमान बसा!"

*

आणि काशिनाथभाऊ. नाशिकला पेशंट पोचवून परत येताना मोखाड्याच्या अलीकडच्या एका वळणावर ते नेहमी गाडी थांबवतात. मॅडमना हे माहीत नव्हतं. एकदा आम्ही दोघी गाडीत होतो. भाऊंनी इंजिन बंद केलं, खाली उतरून मागचं दार सताड उघडलं आणि दरीकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं झाली.

मॅडम उतरल्या. "भाऊ, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे, मॅडम. बरं राहावं म्हणूनच थांबतो."

मग स्वतःहून सांगू लागले, "कोरोनात एका म्हाताऱ्याला नेत होतो. ऑक्सिजन लावलेला. इथं आल्यावर म्हणाला, पोरा, घडीभर थांबव, डोंगर बघू दे. गाडी थांबवण्यासारखी वेळ नव्हती. मी म्हटलं, बाबा, येताना थांबू. येताना गाडी रिकामी होती."