यमुनाताईंची मान

यमुनाताई १९७४ साली लंडनमधल्या ईलिंगला आल्या, चुलतभावाची दोन मुलं सांभाळायला. विसाव्या वर्षी विधवा झालेल्या. साताऱ्यात मागे कोणी उरलं नव्हतं. १९८६ पर्यंत मुलं शिकायला बाहेर पडली, आणि भावाची, म्हणजे डॉ. शशिधरांची, बायको मधुमती आम्हा मैत्रिणींदेखत म्हणू लागली, "वन्सं, आता तुम्हाला इथे करमत नसेल." परत पाठवतील या धास्तीने यमुनाताई पडेल ते काम करायच्या.

त्याच हिवाळ्यात मधुमतीने स्वतःचं तैलचित्र काढून घ्यायचं ठरवलं. चित्रकार चेल्सीतला, लॉर्डांच्या बायका रंगवणारा. चेहऱ्यासाठी ती तीनदा जाऊन बसली. स्टुडिओ गार, म्हणून गळाबंद लोकरी स्वेटर घालूनच. मानेपासून खालचं सगळं तो दुसऱ्या कोणाला बसवून काढत असे. मधुमतीने यमुनाताईंना आपला शालू नेसवून पाठवलं. मंगळसूत्र आणि बांगड्या मात्र दिल्या नाहीत. विधवेच्या अंगावर कशा घालायच्या?

अकरा वेळा त्या तिथे कुडकुडत बसल्या. एकदा परतताना माझ्याकडे थांबल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "साहेब म्हणाले, अशी मान त्यांनी कधी रंगवली नव्हती." त्या गेल्यावर मी मधुमतीला फोन करून सांगितलं. आम्ही दोघी खूप हसलो.

चित्र उघडलं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला: ३१ जानेवारी १९८७, शनिवार, बायका चोवीस. यमुनाताई अर्थातच स्वयंपाकघरात. चादर ओढली. चेहरा मधुमतीचा, शालू मधुमतीचा, आणि गळा बोडका, मनगटं रिकामी. इंग्रज माणूस, दिसलं ते त्याने रंगवलं. मीच म्हणाले, "अगं, हे तर विधवेचं चित्र झालं." माझ्या तेव्हाच्या डायरीत या वाक्याखाली रेघ आहे. मला ते फार चपखल वाटलं होतं.

मधुमती तडक स्वयंपाकघरात गेली. दार उघडंच होतं.

"माझ्या कुंकवावर उठलात, वन्सं. त्या चित्रकाराला सांगता नाही आलं?"

"मंगळसूत्र तू दिलं नव्हतंस," यमुनाताई म्हणाल्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला उलट उत्तर दिलं होतं.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टर स्वतः त्यांना हीथ्रोला सोडून आले. साताऱ्यातल्या वृद्धाश्रमात चार वर्षं काढून त्या गेल्या. चित्रकाराने फोटोवरून मंगळसूत्र आणि बांगड्या रंगवून दिल्या.

१९९४ मध्ये माझे यजमान गेले. तेव्हापासून मधुमती मला हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी चहाला बोलावते, उरलेल्या तिळाच्या वड्या संपवायला. यंदा तिची भाची अनुराधा एडिनबराहून आलेली होती. चित्राकडे बघत ती म्हणाली, "मावशी, मान काय सुंदर आहे हो तुमची."

"तेव्हा होतीच तशी," मधुमती म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली.

ईलिंगमध्ये आता मला दुसरं कोणी चहाला बोलावत नाही.

"होती खरी," मी म्हणाले.