फुटपाथवरचं भात

गावातून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटपाथ हवा म्हणून मी ग्रामपंचायतीत इतके हेलपाटे घातले, की मला बघून शिपाई आपणहून खुर्ची पुढे करायचा. कारण घरातलंच होतं. मुलीला शाळेत सायकलने जायचं होतं आणि तिचे वडील म्हणायचे, "त्या टेंपोंच्या मधनं? नाय." सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. मी पहिला अर्ज दिला तेव्हा ती पाचवीत होती, फुटपाथ झाला तेव्हा अकरावीत. पण झाला. पेव्हर ब्लॉकचा, सायकल सहज जाईल एवढा रुंद. पावसाळाभर ती त्यावरून कॉलेजला गेली आणि मी उगाचच दारात उभी राहून बघायचे.

मग भातकापणी आटपली. एका सकाळी अख्ख्या फुटपाथवर भात पसरलेलं, कडेने दगड लावून, अगदी नीटनेटकं.

शेजारणीला म्हटलं, "वैनी, ही चालायची जागा हाय ना?"

"मंग कुठं वाळवू गं? खळ्याच्या जागंवर गोडाऊन झालं. आन् आमी कुणाला अडवलंय? जा की वरनं."

वरून जाणार कोण? आमच्याकडे दाण्याला चुकून पाय लागला तरी माणूस वाकून हात कपाळाला लावतो. म्हातारे, शाळेची पोरं, कंपनीतून सुटलेले कामगार, सगळे भाताचा मान राखून मुकाट ट्रकच्या रस्त्यावर उतरत होते.

मुलगीही उतरली. मी ओरडले, "वरनं घाल सायकल!"

"भातावरनं? तू घातली असतीस?"

नसतीच घातली.

दुपारी परत येताना एक टेंपो तिला घासून गेला आणि ती गटारात पडली. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. मी हळद लावत होते तेव्हा म्हणाली, "ऱ्हाऊ दे आई. मी रिक्षानंच जाईन आता."

चार दिवसांत भात उचलतील, मग जा की, असं मी म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं भांडले होते. पण खरं सांगते, तिचं वाक्य पुरं होण्याआधीच मला हायसं वाटलं होतं.

"बरं," मी म्हटलं.