एरंडीची पेंड आणि मंगलची शेळी

"मॅडम, ही भेसळ हाय," सांगवीच्या डाळिंबवाल्या तात्यांनी आमच्या पेंडीची मूठ नाकाशी धरून निकाल दिला. "कुत्रं मेलं तरच एरंडीची पेंड अस्सल!"

हसावं की रडावं कळेना. इंदापूरच्या एका तेल प्लँटमध्ये मी केमिस्ट. एरंडीचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो ती पेंड. डाळिंबाला झकास खत, पण तिच्यात रायसिन नावाचं विष असतं. जनावरानं तोंड घातलं की जिवावर बेततं. आम्ही पेंडीत चुना कालवून ती कुकरमध्ये वाफेवर शिजवायचो. विष मोडतं, खताचा कस राहतो. रिपोर्ट क्लीन होता. आणि विष गेलं म्हणूनच गिऱ्हाईक पळत होतं!

प्लँटच्या सरांनी बजावलं होतं, "या सीझनला माल उठला नाही तर कुकर बंद." तो कुकर म्हणजे माझं लेकरूच.

शेवटी तात्या म्हणाले, "अर्ध्या बागंला तुमची टाकू, अर्ध्या बागंला जुनी. बघू कुणात दम हाय."

मी खूश. फुकटात ट्रायल! तेवढ्यात त्यांची सून मंगल गोठ्यातून बाहेर आली.

"जुनी न्हाय टाकायची, तात्या. तिनं माझ्या दोन शेळ्या खाल्ल्या. तवा अस्सल-नक्कल कुणी बघितलं?"

तात्यांनी जुनी पोती बाजूला सारली. सगळ्या बागेला आमची पेंड पडली.

थोड्याच दिवसांत मंगलचा फोन. "मॅडम, शेळी दावं तोडून बागंत शिरली. पेंड खाल्ली वो!"

रिपोर्टवर सही माझीच, तरी मी हातातलं काम टाकून निघाले. सांगवीला पोचले तर जनावरांचे डॉक्टर हजर. ते म्हणाले, या विषाचा परिणाम उशिरा दिसतो, लक्ष ठेवा. मग मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. "चरती हाय." "रवंथ करती हाय." शेवटी मंगलच वैतागली. "आता शेळीची चौकशी बास! नजर लागंल तिला."

त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना पेढे वाटले.

"शेळी जगली म्हंजी पेंडीत दम न्हाय," तात्यांनी शेवटचा हट्ट केला. पण बाग हिरवीगार झाली, तेव्हा तेही मिशीत हसले.

पुढं पार मोरगावहून ऑर्डरी आल्या. सरांनी विचारलं, "कुठला डीलर गाठलास?"

"डीलर नाही सर. शेळ्या पाळणाऱ्या बायका."

पोत्यावर आम्ही आजही ठळक छापतो : जनावरांना घालू नये. पण शेळीला वाचता येत नाही, म्हणून कुकर चालू ठेवावा लागतो.