गोडबोल्याचं फडकं

माझ्या ताईला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. लहानपणी आम्ही दोघींनी मिळून बरणी फोडली तर मी सरळ मांजरावर ढकलून मोकळी व्हायचे आणि ताई मांजराची बाजू घ्यायची. मार दोघींना बसायचा. मांजराने तुला काय दिलं, असं मी तिला अजून ऐकवते.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर 'ब्रेक दाबा, ब्रेक' म्हणून बोंबलायचं आणि बसलेला घसा घेऊन घरी यायचं, हा माझा धंदा. त्यामुळे रागावलेली नसले तरी माझा आवाज चढलेलाच असतो. ताईचं सगळं शांतपणे. ती घरगुती वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात काउंटरला होती. इस्त्र्या, शेगड्या, बॅटऱ्या, थर्मास. गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं, कारण ती कुणाला घाई करायची नाही आणि कुणाच्या गळ्यात काही मारायची नाही.

मग मालकाने कुठून तरी स्वस्तातले थर्मास उचलून आणले. दिसायला एकदम झकास, अंगावर फुलं रंगवलेली, आणि चहा ओतून झाकण लावेपर्यंत निम्मा गार. ते चांगले म्हणून खपवायचे, असा हुकूम सुटला. ताईने नोकरी म्हणून तेही करून बघितलं. मालकाने पढवलेलं वाक्य ती बिचारी म्हणायची, पण म्हणताना तिचा हात आपोआप फडक्याकडे जायचा आणि ती थर्मास पुसायला लागायची. पुसलेला परत पुसायची. गिऱ्हाईक आधी तिच्या हाताकडे बघायचं, मग चेहऱ्याकडे, आणि 'राहू दे, नंतर बघते' म्हणून निघून जायचं. थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळलं की ताई जे पुसते ते घ्यायचं नाही. शेवटी मालकालाही कळलं. भर दुकानात, चार लोकांसमोर तो म्हणाला, "बाई, तुमच्याच्यानं विकणं व्हायचं नाही. त्याला अक्कल लागते."

ताई घरी आली ती ते वाक्य बरोबर घेऊनच. मालकाला मी जिवंत सोडणार नव्हते, पण तिने मला दारातच अडवलं. म्हणाली, "त्याचं बरोबर आहे गं. मला नाही विकता येत."

तेव्हापासून हेच. चौकात नवीन दुकान निघालं, काचेवर 'काउंटरसाठी माणूस पाहिजे' अशी पाटी लागली. ताई तिथे आली की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायला लागायची. मी म्हटलं, आत जाऊन नुसतं विचारायला काय जातंय? तर म्हणे, "आधीचं काम का सुटलं असं विचारतील. काय सांगू? मला येत नव्हतं म्हणून?" कमावतं माणूस घरात बसून मटार सोलतं आणि सोललेले मटारसुद्धा 'नीट झालेत का गं' म्हणून विचारतं, हे बघून माझा जीव तुटायचा. रागही यायचा. मला जीव तुटला की रागच येतो.

आता खेळाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत टेबलाभोवती एक खेळ चालतो. त्यात पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत, फक्त फासे आणि बडबड. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. फाशावर आकडा पडेल तसं ते जमतं किंवा फसतं. गोष्ट मी चालवते, कारण आवाज माझा मोठा. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, खेळात ते चोर आहेत. दवाखान्यातला कंपाउंडर काडीपहिलवान, पण खेळात महायोद्धा. आणि कोपऱ्यावरची शिंपीण आमची जादूगारीण.

त्यांची स्वारी एका राक्षसाच्या किल्ल्याकडे निघाली होती. वाटेत मला एक लबाड व्यापारी हवा होता, गोड बोलून रद्दी माल गळ्यात मारणारा. नाव ठेवलं गोडबोल्या. पण त्याच्या दुकानात ठेवायचं काय? मी म्हटलं, मोडकी तलवार, फाटका अंगरखा, गळकी बाटली. कंपाउंडरने जांभई दिली.

आतून ताईचा आवाज आला. "फाटका अंगरखा कोण घेईल? खराब माल चांगल्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून तर लोक फसतात."

"मग तूच सांग," मी म्हटलं. ती मटाराचं ताट घेऊन दारात आली आणि जरा विचार करून म्हणाली, "चोरांसाठी बूट. मखमलीचे. पावलाचा जरासुद्धा आवाज होत नाही. फक्त टाचेत एक खिळा आहे, तो दहाव्या पावलाला वर येतो. मग बूट आवाज करत नाहीत, चोर करतो."

आमच्या ह्यांनी पाय टेबलाखाली ओढून घेतले. ताईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं आणि मग तिची गाडी जी सुटली ती थांबेना. अंगावर घेतला की अदृश्य होणारा अंगरखा, पण अंगरखाच अदृश्य होतो, आतला माणूस उघडा पडतो. शत्रू आला की ओरडून जागं करणारी घंटा, पण ओरडते ती शत्रूला, आमचे लोक इकडे झोपलेत म्हणून. शिंपीण हसून हसून टेबलावर आडवी झाली. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गोडबोल्या ताईच होणार.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. पण खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

पुढच्या रविवारी दुकान उघडलं. काही माल खरा, काही खोटा, खरं काय ते एकट्या ताईला ठाऊक. कंपाउंडरने एक ढाल मागितली. ताईने हवेतच ढाल उचलून त्याच्यापुढे धरली, 'अशी ढाल अख्ख्या मुलखात नाही' म्हणाली, आणि खांद्यावरचं फडकं घेऊन ती नसलेली ढाल पुसायला लागली. गोल गोल, कडेने, मग परत मधे.

कंपाउंडर रोज पेशंट बघणारा माणूस. त्याने आधी फडक्याकडे बघितलं, मग ताईकडे. "ही नको," तो म्हणाला. "ती मागची द्या, जी तुम्ही पुसत नाही."

झालं. गुपित फुटलं. त्यानंतर गोडबोल्याने जे पुसलं ते कुणी घेईना. रविवारामागून रविवार गेले, माझा लबाड व्यापारी एक खिळासुद्धा खोटा विकू शकला नाही. बाकीचे मजेत होते, पण मला ते पाहवेना. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, ते फडकं ठेव की खाली. एवढं साधं जमत नाही तुला?"

ताईने फडक्याची घडी घातली. "नाही जमत," ती म्हणाली. "दुकानातसुद्धा हेच म्हणाले होते." आणि आत गेली.

आमचे हे माझ्याकडे असे बघत होते की मला बुटातला तो खिळा परवडला असता. मला माफी मागता येत नाही, मी चहा करून आत नेला. ती खिडकीपाशी बसली होती. चहा प्यायली, म्हणजे मिटलं. कप परत देताना म्हणाली, "पुढच्या रविवारीही गोडबोल्या मीच. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." तिचा आवाज काही वेगळाच होता, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्या रविवारी मंडळी राक्षसाच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोचली. आत खजिना, दारात राक्षस, आणि वाटेत शेवटचं दुकान गोडबोल्याचं. ताई बसली. दोर काढला, खसखसा पुसला. ढाल काढली, पुसली. कंदील काढला, त्याची तर काच झिजेल इतका पुसला. तिघे एकमेकांना कोपराने ढोसत होते. "नको, नको, हेही नको," असं त्यांचं चाललेलं.

"त्या कोपऱ्यात काय आहे?" शिंपिणीने विचारलं.

"बासरी आहे," ताई म्हणाली. "राक्षसासमोर वाजवायची. पण ती विकायची नाही."

फडकं मांडीवर तसंच पडलेलं. तिचा हात तिकडे गेलासुद्धा नाही. तिघांनी कान टवकारले. त्यांनी गळ घातली, तिने मान हलवली. कंपाउंडरने आपली तलवार पुढे केली. ताई म्हणाली, नको, घरातली वस्तू आहे. शिंपिणीने जादूची अंगठी वर ठेवली. ताईने एक उसासा टाकला, असा उसासा की मलाही वाटलं, नका रे बिचारीची बासरी घेऊ. शेवटी आमच्या ह्यांनी त्यावर घोडाही देऊ केला, आणि ताईने मान खाली घालून बासरी दिली. जपून वाजवा म्हणाली.

राक्षस समोर आला. चोर दिमाखात पुढे झाला आणि आमचे हे म्हणाले, "मी बासरी वाजवतो." मी ताईकडे वळले, कारण मलाही माहीत नव्हतं. "काय होतं?"

"झोप लागते," ताई म्हणाली. "जो वाजवतो त्याला."

तिघांच्याही नजरा फडक्यावर गेल्या, मग टेबलाच्या त्या कडेवर जिथे दोर, ढाल आणि कंदील मांडून झाले होते. "म्हणजे ते सगळं..." कंपाउंडर म्हणाला.

"उत्तम होतं," ताई म्हणाली. "त्या ढालीमागे तुम्ही तिघं मावला असता."

तलवार नाही, अंगठी नाही, घोडा नाही, आणि चोर राक्षसाच्या पायाशी घोरतोय. कंपाउंडरने त्याला पायाला धरून फरफटत नेलं, फासे कसेबसे बरे पडले आणि तिघं जीव घेऊन पळाले. खजिना राहिला तिथेच. आणि एवढी धूळधाण झाल्यावर कंपाउंडर उठला, उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. शिंपीणही उठली. आमचे हे झोपेतूनच वाजवत होते. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ताईने तिघांच्या तोंडाला पानं पुसली होती, माझ्या तर त्यांच्याही आधी. मला इतका अभिमान वाटला की मी तिला ओरडलेच, "अगं, मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

सगळे गेल्यावर ती कप विसळत होती. मधेच थांबली. नळ चालू, हात तसाच.

"म्हणजे मला येत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"फसवायला. इतकं काही अवघड नाही गं ते. फडकं हातात घ्यायचं नाही, एवढंच तर होतं." तिने नळ बंद केला. "तिथे थर्मास घ्यायला एक बाई यायची, तिचा नवरा आजारी होता. तिच्या डोळ्यांत बघून मला ते करायचंच नव्हतं. आणि मी इतके दिवस समजत होते, मला येत नाही."

मी विसळलेले कप फळीवर लावायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि मला रडू आलं की त्याचाही रागच येतो.

दुसऱ्या दिवशी ती चौकात रस्ता न ओलांडता सरळ त्या दुकानात शिरली. मी मागोमाग गेले आणि दाराशी शेगड्या बघत असल्याचं सोंग करत उभी राहिले. गल्ल्यावर मालकीणबाई होत्या. त्यांनी विचारायचं तेच विचारलं. आधीचं काम का सुटलं?

"खराब माल चांगला म्हणून विकायचा होता," ताई म्हणाली. "मी विकला नाही."

"जमलं नाही?"

"जमतं. फार छान जमतं. बाहेर माझी बहीण उभी आहे, तिला विचारा. कालच तिच्या नवऱ्याकडून एका बासरीसाठी घोडा काढून घेतला मी." ताई एकदम ताठ उभी होती. "येतं, पण करत नाही."

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, दुसरं काय करणार? घोड्याचं काय ते त्यांनी विचारलं नाही. एक इस्त्री ताईपुढे सरकवली आणि हिच्याबद्दल काय सांगाल म्हणाल्या. ताईने ती उलटीसुलटी केली. "तापते लवकर. वायर आखूड आहे, टेबल भिंतीला लावून घ्यावं लागेल. ते सांगूनच देईन."

"उद्यापासून या," मालकीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एका नवशिक्याला घेऊन मी मुद्दाम चौकातून गाडी काढली. काचेमागे ताई होती, हातात फडकं. ती सगळा माल पुसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही वस्तू न सोडता, आणि समोर दोन बायका शांतपणे आपल्या नंबराची वाट बघत उभ्या होत्या. मी 'थांबा' म्हटलं. त्या गड्याने भर चौकात, रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला, आणि मी त्याला एका शब्दाने ओरडले नाही.