साडूंची घडीची सायकल

सायकलीवर माणूस बसतो, हा जगाचा नियम आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यभर उलटा चालवला. सायकलीला मांडीवर घेऊन इतका प्रवास केलेला माणूस दौंड तालुक्यातच काय, पृथ्वीतलावर दुसरा नसेल. भांडगावच्या वस्तीपासून हायवेचा फाटा तीन किलोमीटर, तिथून एसटीनं वीसेक किलोमीटरवर कुरकुंभ, आणि तिथल्या फाट्यापासून कंपनी पुन्हा दोन किलोमीटर. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात साडू सायकलीवर बसत आणि मधल्या तुकड्यात सायकल साडूंवर बसे.

ही सायकल त्यांच्या कंपनीत मशीन बसवायला आलेल्या एका जपानी साहेबानं जाताना त्यांना दिली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चाकं परातीएवढी, मधोमध बिजागरा, खटका दाबला की पुढचं चाक मागच्या चाकाला जाऊन भेटायचं. पहिल्या दिवशी साडूंनी ती अंगणात दहा वेळा उघडमीट करून दाखवली. सगळी वस्ती खूश झाली, फक्त त्यांचे वडील, आबा, झाले नाहीत. आबांचा उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. ते एवढंच म्हणाले, "आमचं बिराड बी असंच घडी घालून घोड्यावर चढायचं. घडी घालनारा एका जाग्याला टिकत न्हाई."

साडूंनी ते मनावर घेतलं नाही, कारण त्यांचं सगळं मन सायकल सुधारण्यात गुंतलं होतं. साहेबाच्या सायकलीला मडगार्डसुद्धा धड नव्हतं. साडूंनी आधी मडगार्ड बसवलं, मग कॅरिअर, मग डायनामो, मग दुधाची किटली अडकवायला हूक, आणि दसऱ्याला हँडलला गोंडे. घंटी तर दोनदा बदलली, कारण पहिलीचा आवाज बांधावरून घरापर्यंत पोचत नव्हता. जी सायकल साहेब एका हातानं मिटवायचा, तिला मिटवायला आता बारा नंबरचा पाना आणि पाच मिनिटं लागू लागली. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "पाव्हणं, साहेब येकटा जीव हुता. आपली सायकल प्रपंचाची हाय."

कंडक्टरशी त्यांचं रोजचं भांडण. मेव्हणीनं जुन्या लुगड्याची खोळ शिवून दिली होती. सायकल त्या खोळीत घालून साडू खिडकीशी बसत आणि ही पिशवी आहे असं शपथेवर सांगत. गाडी खड्ड्यात आदळली की पिशवीतली घंटी वाजे. कंडक्टर विचारी, "मामा, तुमची पिशवी बेल मारती व्हय?" साडू म्हणत, "ड्रायव्हरला ऐकू गेली का? न्हाई ना? मग तुमी तुमची मारा."

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला नेहमी पडे. दौंडला आमच्या माडीवर एक खोली रिकामी होती. तिथून कंपनी किती जवळ! मी दर सणाला विषय काढी आणि साडू दर सणाला पुरणपोळीवर तूप वाढून घेत विषय बदलत. खरं कारण मला मेव्हणीकडून कळलं. साडू लहान असताना आबा त्यांना शाळेसाठी मामाकडं ठेवून आठ-आठ महिने कोकणात मेंढरं घेऊन जायचे. तेव्हापासून साडूंनी ठरवून टाकलं होतं की मोठं झाल्यावर संध्याकाळची भाकरी आबांच्या पंगतीलाच खायची. आबाही लेक आल्याशिवाय ताटाला शिवत नसत. सहाच्या सुमाराला बांधावर घंटी वाजली की बसल्या जागेवरून सुनेला हाक मारत, "आला गं, ताटं घे."

हे कळूनही मी हट्ट सोडला नाही. एकदा मुक्कामाला गेलो असताना आबांच्या देखत खोलीचा विषय काढला. आबांनी हातातला घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडूंनी मला कॅरिअरवर घेऊन फाट्यावर आणलं. एसटीची वेळ झाली तसा साडूंनी पाना काढला, खटका दाबला, आणि सायकल काही केल्या मिटेना.

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी साडूंनी फाट्यावरच्या वेल्डरला "बिजागरा लय खुळखुळतोय, जरा बघ" असं सांगून चहाला जाण्याची चूक केली होती. ज्या माणसानं जन्मभर नांगर आणि ट्रॉल्या जोडल्या, त्याला हलणारा सांधा म्हणजे मोडलेला सांधा. त्यानं सायकल मन लावून अखंड जोडून दिली होती. तो टपरीतून अभिमानानं ओरडला, "मामा, आता हत्ती बसला तरी हलायची न्हाई!"

एसटी आली, पण तिच्या टपावर सामान ठेवायची सोय नव्हती. साडू सायकल सोडून यायला तयार नव्हते. ते हायवेनं तसेच निघाले, आणि पुढं आमच्या एसटीनं त्यांना मागं टाकलं तेव्हा त्यांचे गुडघे कानांना लागत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मी मनातून खूश होतो. आता हे दौंडला येणारच, असं मला वाटलं. मला शेजार हवा होता, दुसरं काही नाही.

साडू पंधरा दिवस पन्नास किलोमीटर रोज त्या परातीएवढ्या चाकांवर गेले आणि आले. घंटी कधी साडेसातला वाजे, कधी आठला. आबा उपाशी बसत, पण म्हणत, "जोडली ते बरं झालं. आता कुटं जायाचा न्हाई." शेवटी वेल्डरनं जोड कापला आणि ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याचा जाडजूड बिजागरा बसवून दिला. सायकल पुन्हा मिटू लागली, पण उचलायला दोन माणसं लागत. दुसरं टोक तो कंडक्टर धरू लागला. "आना मामा तुमची पिशवी," म्हणायचा. घंटी पुन्हा सहाला वाजू लागली आणि माझी खोली रिकामीच राहिली.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात आबा गेले. मग एका उन्हाळ्यात आबा गेले. महिन्याभरानं मी वस्तीवर गेलो, तर सायकल भिंतीला टेकून उभी होती. फाळक्याच्या बिजागऱ्यावर वेल्डिंगचा ताजा, जाड जोड होता.

"पुन्हा त्यानंच घोटाळा केला का?" मी विचारलं.

"न्हाई, मीच सांगितलं," साडू म्हणाले. "आबाला तिच्या घडीचं लय भ्या वाटायचं, पाव्हणं. पन ते हुते तवर सहाला ताटावर पोचायचं हुतं, म्हनून मला जोडता आली न्हाई."

खोलीचा विषय मी काढला नाही. त्या माणसाला मी इतकी वर्षं तिथून उचलू पाहत होतो, याची मला तेव्हा फार लाज वाटली. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. सहा वाजले तसे साडू उठले, भिंतीशी उभ्या असलेल्या सायकलीची घंटी त्यांनी एकदा वाजवली, आणि मग आत मेव्हणीनं ताटं घेतली.